स्प्लिट टनेलिंग

स्प्लिट टनेलिंग : संगणक किंवा मोबाइलमधून निघणारी काही वाहतूक व्हीपीएनच्या (आभासी खासगी जाळ्याच्या) कूटबद्ध बोगद्यातून आणि उरलेली नेहमीच्या इंटरनेट जोडणीवरून थेट पाठवण्याची व्यवस्था. सगळीच वाहतूक बोगद्यातून जात असेल तर त्या रचनेला फुल टनेल म्हणतात. ‘विभाजित बोगदा’ हा मराठी पर्याय अर्थाला धरून असला, तरी व्यवहारात इंग्रजी नावच रुळले आहे. घरून काम करताना कंपनीचा सर्व्हर आणि घरचा प्रिंटर एकाच वेळी वापरणे किंवा व्हीपीएनचा परदेशी सर्व्हर निवडल्यावर अडणारे बँकेचे ॲप बोगद्याबाहेर ठेवणे, हे तिचे नेहमीचे उपयोग.

ही संज्ञा साधारणपणे १९९० च्या दशकाच्या अखेरीस, दूरस्थ कर्मचाऱ्यांसाठीचे व्हीपीएन क्लायंट (वापरकर्त्याच्या संगणकावरचे सॉफ्टवेअर) आले त्या सुमारास रूढ झाली असावी. कल्पनेचा उगम दोन प्रकारे मांडता येतो. पहिल्या मांडणीनुसार फुल टनेल ही मूळ स्थिती आणि विभाजन ही क्लायंट बनवणाऱ्यांनी नंतर दिलेली सवलत. दुसऱ्या मांडणीनुसार विभाजन आयपीसेकच्या, म्हणजे माहितीचे तुकडे (पॅकेटे) कूटबद्ध करणाऱ्या मानकाच्या, रचनेतच होते. नोव्हेंबर १९९८ च्या आरएफसी २४०१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेट मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) सुरक्षा धोरणाच्या सूचीत प्रत्येक पॅकेटसाठी तीनच निर्णय सांगितले आहेत : टाकून देणे, आयपीसेकशिवाय जाऊ देणे आणि आयपीसेक लावणे. २००५ च्या आरएफसी ४३०१ मध्ये हेच तीन निर्णय डिस्कार्ड, बायपास व प्रोटेक्ट या नावांनी येतात. यांतला मधला निर्णय म्हणजेच विभाजन. दोन शाखा कार्यालये जोडणाऱ्या बोगद्यातूनही सहसा त्या दोन जाळ्यांमधलीच वाहतूक जाते, कार्यालयाचे सारे इंटरनेट नव्हे. त्यामुळे दुसरी मांडणी अधिक पटणारी आहे.

विभाजन प्रत्यक्षात घडते ते मार्गतक्त्यात, म्हणजे राउटिंग टेबलमध्ये. तिथला नियम एकच : पत्त्याशी जुळणाऱ्या नोंदींपैकी सर्वांत लांब उपसर्गाची नोंद जिंकते (उपसर्ग म्हणजे पत्त्याचे जुळावे लागणारे सुरुवातीचे बिट; तिरक्या रेषेनंतरचा आकडा त्यांची संख्या सांगतो). घरच्या राउटरकडे जाणारी सर्वसाधारण नोंद ०.०.०.०/० आणि बोगद्याकडे जाणारी १०.२०.०.०/१६ असेल, तर १०.२०.५.७ कडे निघालेले पॅकेट बोगद्यात शिरते आणि बाकी सारे राउटरकडे जाते. मेट्रिक (मार्गाचा अग्रक्रम ठरवणारा आकडा) विचारात येते ते उपसर्गांची लांबी सारखी असेल तेव्हाच. याच नियमाच्या आधारे ओपनव्हीपीएन या सॉफ्टवेअरचा ‘रीडायरेक्ट-गेटवे डेफ१’ हा पर्याय मूळ ०.०.०.०/० ला हात न लावता ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ अशा दोन नोंदी टाकतो. दोन्ही मिळून पूर्ण पत्तावकाश व्यापतात आणि एका बिटाने लांब असल्याने मूळ नोंदीवर मात करतात. सोबत व्हीपीएन सर्व्हरच्या स्वतःच्या पत्त्याची /३२ नोंद जुन्या गेटवेकडे, म्हणजे घरच्या राउटरकडे, ठेवावी लागते, नाहीतर बोगद्याची पॅकेटे बोगद्यातच शिरू पाहतात आणि जोडणी बंद पडते.

विभाजन दोन दिशांनी करता येते. समावेशी पद्धतीत नेमून दिलेली जाळीच बोगद्यात जातात. अपवर्जी पद्धतीत सगळे आत आणि नेमके काही बाहेर राहते. कार्यालयीन कामाला समावेशी पद्धत बरी, कारण यादी छोटी व स्थिर असते. गोपनीयतेसाठी व्हीपीएन घेणाऱ्याने मात्र अपवर्जी पद्धतच वापरावी. यादीत एखादी नोंद करायची राहिली, तरी ती वाहतूक निदान आतच राहते.

वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरमध्ये (लिनक्स कर्नलमध्ये समावेश : आवृत्ती ५.६, मार्च २०२०) ही यादी ‘अलाउड आयपीज’ या ओळीत लिहितात. ‘हे सोडून बाकी सगळे’ सांगणारी वेगळी ओळ तिथे नाही, त्यामुळे एखादे जाळे वगळायचे तर उरलेला पत्तावकाश तुकड्यातुकड्यांनी लिहावा लागतो. विंडोजवरील वायरगार्डमध्ये ०.०.०.०/० लिहिल्यास बोगद्याबाहेरची वाहतूक अडवणारा किल-स्विच लागू होतो. तेच दोन /१ मध्ये लिहिल्यास होत नाही. घरचा प्रिंटर अचानक दिसेनासा होण्यामागे बहुधा हा किल-स्विचच असतो. विंडोजच्या अंगभूत व्हीपीएनमध्ये जोडणीच्या आयपीव्ही४ गुणधर्मांत, प्रगत विभागात, ‘दूरच्या जाळ्यावरील डिफॉल्ट गेटवे वापरा’ ही खूण काढली की विभाजन सुरू होते. त्यानंतर कंपनीच्या जाळ्यांच्या नोंदी वेगळ्या घालाव्या लागू शकतात. खूण काढून तिथेच थांबल्याने अनेकांची जोडणी ‘लागते पण काहीच उघडत नाही’.

सर्वाधिक वेळ खाणारा दोष पत्त्यांच्या टकरीचा. आरएफसी १९१८ ने (१९९६) खासगी वापरासाठी १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ हे पट्टे राखून ठेवले आहेत आणि घरगुती राउटर बहुधा १९२.१६८.०.०/२४ किंवा १९२.१६८.१.०/२४ घेऊन येतात. कार्यालयाचे जाळेही १९२.१६८.१.०/२४ असेल, तर १९२.१६८.१.५० या फाइल सर्व्हरकडे निघालेली विनंती घरातल्याच वाय-फायवर फिरत राहते. तात्पुरता उपाय म्हणून त्या एका सर्व्हरची /३२ नोंद बोगद्याकडे घालावी. कायमचा उपाय म्हणजे घरच्या राउटरचा पट्टा बदलून १९२.१६८.८७.०/२४ असा सहसा न आढळणारा ठेवणे.

दुसरा दोष नावांच्या शोधाचा. वाहतूक बरोबर विभागली, पण डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) प्रश्न घरच्या सेवादात्याकडे गेले, तर कंपनीची अंतर्गत नावे उलगडत नाहीत आणि कोणती संकेतस्थळे पाहिली तेही बाहेर कळते. विंडोज ८ पासून एकाच वेळी अनेक जोडण्यांवर डीएनएस विचारण्याची सोय आल्याने हा धोका वाढला. ठरावीक नावांचे प्रश्न बोगद्यातल्या डीएनएसकडे पाठवण्याला स्प्लिट डीएनएस म्हणतात. आयकेईव्ही२ या आयपीसेक जोडणी उभारणाऱ्या प्रोटोकॉलसाठी ते आरएफसी ८५९८ मध्ये (२०१९) प्रमाणित झाले. आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीकडेही लक्ष हवे. बोगदा फक्त आयपीव्ही४ चा असेल, तर जिओसारख्या आयपीव्ही६ सर्रास वापरणाऱ्या जाळ्यावर वाहतूक बाजूने निघून जाते.

अँड्रॉइडमध्ये ॲपवार विभाजन ५.० (२०१४) पासून आहे. व्हीपीएन ॲपला परवानगी असलेल्यांची यादी किंवा वगळलेल्यांची यादी, यांपैकी एकच देता येते. ‘व्हीपीएनशिवाय जोडण्या अडवा’ हा पर्याय चालू असेल, तर वगळलेल्या ॲपना थेट इंटरनेटही मिळत नाही. दोष ॲपचा समजून ते पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. आयफोनवर ॲपवार व्हीपीएन मुख्यतः संस्थेच्या व्यवस्थापनाखालील उपकरणांसाठी आहे.

सुरक्षेच्या बाजूने मतभेद जुनाच. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या ८००-१७१ या प्रकाशनाच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत दूरस्थ उपकरणांवरील विभाजन रोखण्याची स्वतंत्र अट होती (२०२४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती काढली), कारण एकाच वेळी दोन जाळ्यांत असलेला संगणक हल्लेखोराला पूल ठरू शकतो. उलट २०२० मध्ये घरून काम एकाएकी वाढल्यावर मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑफिस सेवांच्या मोजक्या पत्त्यांसाठी विभाजनाचीच शिफारस केली. सभांचे ध्वनिचित्र कंपनीच्या केंद्रातून वळसा घालून नेण्याने व्हीपीएन यंत्रे गुदमरत होती. अट संवेदनशील माहितीसाठी आणि शिफारस ठरावीक सेवांपुरती, हे लक्षात घेतल्यास विरोध वाटतो तेवढा उरत नाही.

वापरकर्त्याने न मागितलेले विभाजनही घडू शकते. मे २०२४ मध्ये जाहीर झालेल्या टनेलव्हिजन (सीव्हीई-२०२४-३६६१) हल्ल्यात परक्या वाय-फायवरील डीएचसीपी (उपकरणांना पत्ते नेमून देणारा) सर्व्हर १२१ क्रमांकाच्या पर्यायातून (आरएफसी ३४४२, २००२) अधिक लांब उपसर्गाच्या नोंदी पाठवतो. व्हीपीएन ‘जोडलेले’ दिसत राहते आणि वाहतूक बाहेरून जाते. अँड्रॉइड हा पर्याय मानत नसल्याने त्यातून सुटले.

पडताळणीसाठी बटणाच्या रंगावर विसंबू नये. लिनक्सवर ‘आयपी राउट गेट’ आणि पुढे पत्ता दिला, की ते पॅकेट कोणत्या मार्गाने जाईल ते लगेच कळते. विंडोजवर ‘राउट प्रिंट’ने तक्ता पाहून ‘ट्रेसर्ट’ने पहिला थांबा तपासावा. आधी उघडलेल्या जोडण्या जुन्याच मार्गावर राहू शकतात, म्हणून यादी बदलल्यावर संबंधित ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे आणि मगच तपासावे.