मध्यम लहरी नभोवाणी, नाशिक परिसरातील

मध्यम लहरी नभोवाणी, नाशिक परिसरातील : नाशिक जिल्ह्यात ‘मीडियम वेव्ह’वर ऐकली जाणारी, मुख्यतः बोलक्या कार्यक्रमांची मराठी प्रसारणे. आकाशवाणीचे नाशिक केंद्र एफएमवर, १०१.४ मेगाहर्ट्झवर आहे. मध्यम लहरींवर जिल्ह्याने ऐकले ते बाहेरगावचे आवाज : मुंबईची अस्मिता वाहिनी (५५८ किलोहर्ट्झ), पुणे (७९२), जळगाव (९६३) आणि छत्रपती संभाजीनगर (१५२१). या चारही आकड्यांना नऊने निःशेष भाग जातो. १९७५ च्या जिनिव्हा करारानुसार केंद्रांच्या कंप्रतांमध्ये (फ्रिक्वेन्सींमध्ये) नऊ किलोहर्ट्झचे अंतर ठरले आणि नोव्हेंबर १९७८ पासून ते अमलात आले.

संज्ञा : ‘नभोवाणी’ हा शब्द भाषाशुद्धीच्या चळवळीतला मानला जातो. भगूरचे वि. दा. सावरकर यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या प्रतिशब्दांच्या याद्यांत तो बहुधा आढळतो. ‘आकाशवाणी’ची मालकी अधिक वादग्रस्त. कंसाला इशारा देणाऱ्या अशरीरिणी वाणीमुळे शब्द जुनाच. प्रश्न आहे तो रेडिओसाठी प्रथम कोणी वापरला याचा. काही अभ्यासक रवींद्रनाथ टागोरांच्या १९३८ मधील कवितेकडे बोट दाखवतात. मात्र मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी म्हैसूरला १९३५ च्या सुमारास काढलेल्या केंद्राशी हे नाव जोडलेले असल्याने तो पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. ऑल इंडिया रेडिओने हे नाव देशभर स्वीकारले ते १९५६-५७ च्या आसपास.

लहरींचे वर्तन : ५५८ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ५३७ मीटर, तर १०१.४ मेगाहर्ट्झची जेमतेम तीन मीटर. लांब लहर जमिनीला धरून जाते व डोंगर ओलांडताना वळते, म्हणून मुंबई सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटरवर आणि मध्ये सह्याद्री असूनही तिचा आवाज घाटमाथ्यावर येतो. आखूड लहर डोंगराआड अडते. दिवसा वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागातला ‘ड’ थर वर गेलेल्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो, त्याच लहरी वरच्या थरांवरून परततात आणि दूरची केंद्रे एकमेकांत मिसळू लागतात. आवाज मोठा होतो, बुडतो, पुन्हा वर येतो. सेटमधल्या फेराइट कांडीला (आतल्या अँटेनाला) दिशा असते. पुणे नाशिकच्या जवळजवळ नेमके दक्षिणेला, तेव्हा सेट पूर्व-पश्चिम आडवा ठेवला की पुणे स्पष्ट लागते; संभाजीनगरसाठी तोच सेट काटकोनात फिरवावा लागतो. विहिरीवरची मोटार सुरू झाली किंवा वळवाची वीज कडाडली की खरखर येते. नऊ किलोहर्ट्झच्या जागेत संगीताचे वरचे स्वर मावत नाहीत, पण माणसाचे बोलणे व्यवस्थित मावते. मध्यम लहरींवर भाषण, बातम्या, संवाद रुजले याला हे तांत्रिक कारणही आहे.

कार्यक्रम : बातम्या, शेतकऱ्यांसाठी सल्ला, महिलांची सभा, श्रुतिका हा नेहमीचा साचा. मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकामालेतील टेकाडे भावजी (प्रभाकर जोशी), मीनावहिनी (नीलम प्रभू) आणि पंत (बाळ कुडतरकर) घरोघर ओळखीचे होते. पुण्याहून सुधा नरवणे यांच्या आवाजातील प्रादेशिक बातम्यांची वेळ कित्येक घरांत घड्याळासारखी पाळली जाई.

श्रोतृमंडळांचा प्रयोग : नाशिकच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना १९५६ ची आहे. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले होते. युनेस्कोच्या साहाय्याने फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन झाली. मंडळांच्या आकड्यात निरनिराळ्या नोंदींमध्ये थोडा फरक पडतो. १४४ किंवा १४५ हा आकडा अधिक विश्वसनीय दिसतो. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे, एकूण वीस कार्यक्रम झाले. गावातले वीसपर्यंत सभासद सेटभोवती बसत, कार्यक्रम संपला की लगेच त्यावर बोलत, निमंत्रक अहवाल लिहून पुण्याला धाडी आणि त्यातल्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या प्रसारणात येत. गावाने विचारावे आणि रेडिओने गावाला उत्तर द्यावे, ही गोष्ट त्या काळी अपूर्व होती आणि तिचे मोल आजही कमी लेखू नये.

मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनी मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी केली. दुसऱ्या गटात काही ठिकाणी रेडिओ होता, काही ठिकाणी नव्हता. मंडळांच्या गावांत माहितीत झालेली वाढ ठळक होती; नुसता सेट असलेली गावे बरीच मागे राहिली. दहा आठवड्यांत शेतीची रीत बदलली असे मात्र यावरून म्हणता येत नाही. मोजले गेले ते ज्ञान. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली.

सद्यःस्थिती : अलीकडे देशातील अनेक मध्यम लहरी प्रक्षेपक बंद झाले असून पुष्कळ श्रोते एफएम व मोबाइलकडे वळले आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगराआडच्या वाड्यांत मात्र तीन मीटरच्या लहरीची अडचण तशीच आहे.