पुडीतलं ‘डी’ आणि कॅप्सूलमधलं ‘डी’

डायलिसिसवरच्या मुलाची आई औषधांची पिशवी टेबलावर उलटी करते, तेव्हा बरेचदा त्यातून दोन ‘डी’ (व्हिटॅमिन डी) निघतात. एक ६०,००० युनिटची पुडी आणि एक ०.२५ मायक्रोग्रॅमची इवलीशी मऊ कॅप्सूल. “दोन्ही डीच ना? मग एक बंद करू का?” औषधांचा खर्च बघता विचारणं साहजिकच आहे. पण बंद करू नका.

पुडीतलं कोलेकॅल्सिफेरॉल हा कच्चा माल. उन्हात त्वचेत बनतं तेच हे. यकृतात त्याचं रूप बदलतं आणि त्याचा साठा होतो. रिपोर्टमध्ये ‘२५-हायड्रॉक्सी’ म्हणून दिसतो तो हाच साठा. त्यातून कामाचं डी, म्हणजे कॅल्सिट्रिऑल, मुख्यतः किडनी बनवते. केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिचेक यांनी हे १९७० मध्ये दाखवून दिलं. किडनी निकामी झाली की गाडी इथेच अडते. म्हणून रिपोर्टमधलं डी छान असूनही मुलाचे पाय वाकू शकतात, मनगटं जाड होऊ शकतात. आतड्यातून कॅल्शियम पुरेसं शोषलं जात नाही, मग गळ्यातल्या ग्रंथींचं पॅराथायरॉइड हार्मोन चढतं आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं.

कॅप्सूलमध्ये असतं ते तयार कॅल्सिट्रिऑल. ६०,००० युनिट म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम, कॅप्सूलच्या ६,००० पट! त्यामुळे कॅप्सूल किरकोळ वाटते, पण तिला किडनीची वाट बघावी लागत नाही. डोस जास्त झाला तर रक्तातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस वाढतं. मूल मलूल होतं, उलट्या करतं, पोट साफ होत नाही.

मग पुडी कशाला? कारण साठाही खरोखर आटतो. ही मुलं उन्हात खेळतात कुठे? पोटाच्या डायलिसिसमध्ये तर बाहेर काढलेल्या द्रावणातून जाणाऱ्या प्रथिनांबरोबर डीही वाहून जातं. २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार साठा मिलिलिटरमागे ३० नॅनोग्रॅमच्या वर ठेवायचा, आणि तरीही पॅराथायरॉइड चढंच राहिलं तर कॅप्सूल, तीही कमीत कमी डोसने. राहिलेल्या चार पुड्या एकदम देऊन टाकणं मात्र नको.

मी पालकांना पुडीच्या पाकिटावर पेनाने सूर्य काढून देते आणि कॅप्सूलच्या पट्टीवर किडनीच्या आकाराचा राजम्याचा दाणा. पुढच्या खेपेला पिशवी उघडली की मूलच बोट ठेवून सांगतं, कुठलं रोजचं आणि कुठलं रविवारचं.