हवा काढली का? पण कुठल्या ब्रेकची?

मागच्या पावसाळ्यात आमची जुनी ४०७, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळच्या एका गॅरेजात उभी होती, शेजारी एक दहाचाकी. मिस्त्री दोन्हीकडे एकच हाक मारत होता, "हवा काढलास का बे?" आमच्या गाडीखाली पोरगा चाकामागच्या निपलला, म्हणजे तेल-हवा बाहेर सोडायच्या स्क्रूला, नळी लावून पडला होता. तिकडे क्लीनर टाकीखालची कडी ओढत होता. शब्द एकच, काम मात्र अगदी उलटं.

४०७ला तेलाचा ब्रेक. पायाचा जोर ब्रेक ऑइलमधून पाइपातून चाकापर्यंत जातो, कारण तेल दाबून आकसत नाही. हवा आकसते. ती पाइपात शिरली की पाय तिलाच दाबत बसतो आणि पेडल ओल्या गादीसारखं लागतं. म्हणून इथे हवा काढायची ती शेवटच्या बुडबुड्यापर्यंत.

दहाचाकीला हवेचा ब्रेक. तिथे सगळं बळच हवेचं. कॉम्प्रेसर टाकी भरतो, दाबाचा काटा सात-आठ बारवर येतो, पेडल म्हणजे नुसती तोटी. तिथे कडी ओढून काढायचं असतं ते पाणी. हवेतली वाफ टाकीत थंड होऊन तळाशी साचते, टाकी आतून गंजते, व्हॉल्व्ह अडकतात. कडी ओढली की आधी चहाच्या रंगाचं पाणी येतं, मग कोरडी फुस्स. तेवढी आली की सोडायची.

खरी गोची पंप मारण्यात आहे. तेलाच्या गाडीचा ब्रेक लागेना झाला की दोन-तीनदा पटापट पंप मारल्यावर बऱ्याचदा पेडल वर येतं. छोट्या गाडीवर वर्षं काढलेल्या ड्रायव्हरच्या पायाला ही सवय असते. तोच माणूस मोठ्या गाडीवर बसून तुळजापूरच्या घाटात पंप मारू लागला, तर प्रत्येक पंपाला टाकीतली हवा बाहेर पडते आणि काटा खाली येतो. तिथे पाय एकसारखा ठेवायचा, गिअर खालचा, नजर काट्यावर.

आता पाइपांचं. सोलापूर कोरडं, उन्हाळ्यात चाळीसच्या वर, इथे गंज कुठला, असं मलाही वाटायचं. पण उसाच्या फडातला चिखल आणि पोत्यांतून सांडलेलं खत क्लॅम्पच्या मागे जाऊन बसतं. आमच्या गाडीचा मागे जाणारा पाइप वरून ठणठणीत होता. क्लॅम्प काढला तर खाली पापडासारखे पदर, नख लावलं तर गळायला लागला. आतूनही धोका असतोच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरला की ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. घाटात चाक तापलं की पाइपात वाफ, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवाच.

एका गॅरेजात आधी नुसता कुजलेला वीतभर तुकडा कापून पितळी सांधा मारून दिला होता. आठवड्यात पाझरला. जोरात ब्रेक मारला की तेलाच्या पाइपात शंभर बारच्या आसपास दाब जातो, तिथे असला जोड चालत नाही. एसीची तांब्याची नळीही नको, ती थरथरीने कडक होऊन तडकते. पूर्ण लांबीचा स्टीलचा ब्रेक पाइप आणि टोकाला डबल फ्लेअर, म्हणजे दुमडून पसरवलेलं तोंड, एवढंच. हवेच्या ब्रेकमध्ये नायलॉनची नळी आणि तिचे ठरलेले जोड चालतात. बदलल्यावर टाकी भरायची, जोडांवर साबणाचं पाणी लावायचं, फेस फुगला नाही की झालं. निपल उघडत बसायचं कारणच नाही.

तेलाच्या गाडीत मात्र खरं काम, म्हणजे हवा काढणं, तिथून पुढे सुरू होतं. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलच्या जोराने तेल ढकलणारा पंप. त्याच्यापासून सगळ्यात लांबचं चाक आधी. मोबाइलवरच्या अमेरिकन व्हिडिओत मागचं उजवं सांगतात. त्यांचा ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत मागचं डावं. नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडालेलं हवं. पेडलवर बसलेला वरचा "दाबून धर" म्हटल्यावर धरतो, गाडीखालचा निपल उघडतो, बुडबुडे येतात, निपल बंद केल्यावरच वरच्याने पाय सोडायचा. उलटं झालं की हवा परत आत. मास्टर सिलिंडरवरच्या डबीतलं तेल संपू द्यायचं नाही, नाहीतर पहिल्यापासून. आणि सिलिंडरमधले रबरी वायसर कधीही डिझेलने धुवायचे नाहीत, रबर फुगतं.

आमचं पेडल चारही चाकं झाल्यावर टणक लागलं. मग इंजिन चालू ठेवून पाय दाबून धरला तर ते हळूहळू खाली बसू लागलं. पोरगा म्हणाला अजून हवा आहे. हवा असती तर पेडल लवलवलं असतं, असं बसत गेलं नसतं. बाहेर कुठे थेंब नव्हता. हवा काढताना वर बसलेल्याने दरवेळी पेडल पार फळीपर्यंत दाबलं होतं, आणि मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात वायसर वर्षानुवर्षं गेलाच नव्हता, तिथल्या गंजावर तो घासला, म्हणून तेल आतल्या आतच निसटत होतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला असता तर वाचला असता. दुसऱ्या दिवशी मास्टर सिलिंडर नवा बसवला आणि मागच्या डाव्या चाकापासून पुन्हा सुरुवात केली.