अटलांटिकपार मुक्त व्यापार करार : अर्थकारण आणि कामगार

युरोपीय संघ आणि उत्तर अमेरिकेतील देश यांच्यातील आयात शुल्क व व्यापाराचे इतर अडथळे काढून टाकण्यासाठी आखलेले करार. यांतला सर्वांत मोठा आणि सर्वाधिक गाजलेला प्रस्ताव म्हणजे युरोपीय संघ व अमेरिका यांच्यातील ‘अटलांटिकपार व्यापार व गुंतवणूक भागीदारी’, संक्षेपाने टीटीआयपी. वाटाघाटींची पहिली फेरी जुलै २०१३ मध्ये वॉशिंग्टनला झाली, पंधरावी आणि अखेरची ऑक्टोबर २०१६ मध्ये. एप्रिल २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने या वाटाघाटींचा जुना आदेश कालबाह्य ठरवला. करार झालाच नाही. पण व्यापार खुला झाला की कामगाराच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न त्याने ऐरणीवर आणला, आणि त्याचे महत्त्व आजही तिथेच आहे.

दोन्ही बाजूंचे सरासरी आयात शुल्क आधीच कमी, सुमारे ४ टक्क्यांच्या आसपास होते. मोटारींवर युरोपात १० टक्के, अमेरिकेत २.५ टक्के. खरी अडचण नियमांची होती. मोटारीच्या मागच्या बाजूचा इंडिकेटर अमेरिकेत लाल चालतो, युरोपात तो पिवळसर नारिंगीच लागतो. मग एकाच गाडीचे दोन नमुने बनवायचे, अपघात-चाचण्याही दोनदा करायच्या. नियमांचा हा भार शुल्कापेक्षा कसा जड असतो, हे नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना वेगळे सांगायला नको. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचा अंश सापडल्यामुळे त्यांची द्राक्षे युरोपात अडकून पडली होती. मात्र बागायतदाराला जाच वाटणारा नियम ग्राहकाला संरक्षण वाटू शकतो. क्लोरीनच्या पाण्यात धुतलेल्या अमेरिकन कोंबडीवर युरोपात १९९७ पासून बंदी आहे, आणि जर्मनीत ही कोंबडी टीटीआयपीविरोधाचे प्रतीकच बनली.

फायद्यातोट्याचे अंदाज एकमेकांपासून चक्रावून टाकतील इतके दूर होते. युरोपीय आयोगासाठी लंडनच्या ‘सेंटर फॉर इकॉनॉमिक पॉलिसी रिसर्च’ने २०१३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार युरोपीय संघाला वर्षाला ११९ अब्ज युरो आणि अमेरिकेला ९५ अब्ज युरो लाभ होणार होता. चौघांच्या युरोपीय कुटुंबामागे वर्षाला ५४५ युरो, हा आकडा तेव्हा भाषणा-भाषणांतून फिरला. पण ११९ अब्ज म्हणजे युरोपच्या उत्पन्नाच्या जेमतेम अर्धा टक्का, तोही २०२७ पर्यंत हळूहळू गाठायचा, आणि तोसुद्धा करार अत्यंत महत्त्वाकांक्षी झाला तर. म्यूनिकच्या इफो संस्थेने बेर्टेल्समान प्रतिष्ठानासाठी केलेल्या अभ्यासात विकसित देशांत मिळून सुमारे २० लाख नवे रोजगार दिसले. उलट अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातील जेरोनिम कापाल्दो यांनी २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे प्रतिमान (अर्थव्यवस्थेचे गणिती मॉडेल) वापरून गणित मांडले, तेव्हा युरोपात सुमारे ६ लाख रोजगार जातील असे निघाले.

एवढी तफावत पडण्याचे मोठे कारण गृहीतकांत आहे. लंडनच्या अभ्यासात एकूण रोजगार स्थिर धरला होता. एका उद्योगातून सुटलेला कामगार दुसऱ्या उद्योगात सामावला जातो, हे आधीच मानलेले. अशा प्रतिमानातून एकूण बेकारी वाढल्याचे उत्तर निघूच शकत नाही. हा अभ्यास आला त्या वर्षी ग्रीस आणि स्पेनमध्ये काम करू इच्छिणाऱ्या दर चौघांमागे एकाहून अधिक बेकार होता, हे लक्षात घेतले की त्या गृहीतकाची मर्यादा उघडी पडते. कापाल्दो यांच्या प्रतिमानात बेकारी आणि घटती मागणी यांना जागा होती. पण व्यापार किती वाढेल हे त्यांनी इतर अभ्यासांवरूनच घेतले होते, आणि ते प्रतिमान मुळात व्यापारधोरण तपासण्यासाठी बनलेले नाही, हा टीकाकारांचा आक्षेपही रास्त आहे.

लंडनच्या अभ्यासातही एक कबुली होती : युरोपातील श्रमबळाच्या ०.२ ते ०.५ टक्के कामगारांना कराराच्या परिणामी एक क्षेत्र सोडून दुसऱ्यात जावे लागेल. शेकड्यात हे क्षुल्लक दिसते. माणसांत मोजले तर काही लाख भरते. पोलादाच्या भट्टीवर तीस वर्षे काढलेल्या माणसाला सॉफ्टवेअर कंपनीत जागा मिळत नाही, आणि घर विकून परगावी जाणे वाटते तितके सोपे नसते. अशा कामगारांसाठी युरोपात जागतिकीकरण समायोजन निधी आहे. अमेरिकेत १९६२ पासून चालत आलेली व्यापार समायोजन साहाय्य योजना मुदत न वाढवल्यामुळे २०२२ मध्ये नव्या अर्जांसाठी बंद झाली.

कामगार संघटनांची खरी धास्ती हक्कांबाबत होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तेव्हाच्या ८ मूलभूत करारांपैकी अमेरिकेने फक्त २ स्वीकारले होते. संघटना स्थापण्याचा आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क देणारे ८७ व ९८ क्रमांकाचे करार त्यांत नव्हते. हा फरक टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा येथील फोक्सवॅगनच्या कारखान्यात डोळ्यांना दिसतो. जर्मनीत या कंपनीच्या कारखान्यांत कामगारांची निवडून आलेली कारखाना समिती असते आणि तिच्या संमतीशिवाय पाळ्याही बदलता येत नाहीत. चॅटनूगात फेब्रुवारी २०१४ मध्ये मोटार कामगार संघटनेबाबत मतदान झाले. कंपनीने उघड विरोध केला नाही, तो राज्यातल्या राजकारण्यांनी केला, आणि संघटना ६२६ विरुद्ध ७१२ मतांनी हरली. तिथे संघटनेला बहुमत मिळाले ते एप्रिल २०२४ मध्ये.

गुंतवणूकदाराला सरकारविरुद्ध थेट लवादाकडे जाण्याची मुभा देणारी तरतूद सर्वांत जास्त झोंबली. २०१४ मध्ये युरोपीय आयोगाने तिच्यावर मते मागवली तेव्हा सुमारे दीड लाख उत्तरे आली, बहुतेक विरोधात. कामगारांच्या अंगाने इजिप्तचे उदाहरण सतत दिले जाई. तिथे व्हेओलिया या फ्रेंच कंपनीने २०१२ मध्ये केलेल्या दाव्यात किमान वेतनवाढीने वाढलेल्या खर्चाचाही मुद्दा होता. लवादाने २०१८ मध्ये तो दावा फेटाळला, पण तोवर सहा वर्षे गेली होती.

प्रत्यक्षात उतरलेला करार कॅनडाशी झाला. सीटा नावाने ओळखला जाणारा हा करार, बेल्जियममधील वालोनिया प्रांताने शेवटच्या घटकेला अडवून धरल्यानंतर, ३० ऑक्टोबर २०१६ रोजी सह्यांपर्यंत पोहोचला आणि २१ सप्टेंबर २०१७ पासून तात्पुरता अमलात आहे. श्रमविषयक प्रकरण त्यात आहे, पण ते मोडल्यास दंड वा शुल्कवाढीची शिक्षा नाही. सल्लामसलत आणि तज्ज्ञ मंडळाचा अहवाल एवढेच. तरी वाटाघाटींच्या दबावाचा थोडा उपयोग झालेला दिसतो : अनेक दशके टाळलेला ९८ क्रमांकाचा करार कॅनडाने जून २०१७ मध्ये, सीटा अमलात येण्याच्या तीन महिने आधी, स्वीकारला.