रिटा हेवर्थ

हेवर्थ, रिटा : (१७ ऑक्टोबर १९१८ – १४ मे १९८७). अमेरिकन चित्रपट-अभिनेत्री व नर्तकी. मूळ नाव मार्गारिटा कार्मेन कान्सिनो. १९४० च्या दशकातील कोलंबिया पिक्चर्स या स्टुडिओची सर्वांत मोठी तारका. तिची ओळख करून देताना सौंदर्याचा उल्लेख आधी होतो आणि नृत्याचा मागाहून, तोही झाला तर. खरे म्हणजे हा क्रम उलटा हवा. नटी होण्याआधी कितीतरी वर्षे ती पोटासाठी नाचत होती, आणि पडद्यावर तिच्या हातून जे अस्सल उतरले ते बहुतेक नाचतानाच उतरले.

जन्म न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे, नर्तकांच्याच घरात. वडील एद्वार्दो कान्सिनो हे स्पेनमधील सेव्हिलजवळच्या एका गावचे. आपली बहीण एलिसा हिच्याबरोबर ते अमेरिकेत आले आणि ‘डान्सिंग कान्सिनोज’ या नावाने व्होडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या मिश्र कार्यक्रमांच्या, रंगमंचांवर गाजले. आजोबा आंतोनियो हे स्पॅनिश नृत्याचे नावाजलेले गुरू होते. आई व्होल्गा आयरिश-इंग्लिश वंशाची. तीही झीगफेल्ड फॉलीज या ब्रॉडवेवरच्या गाजलेल्या नृत्य-संगीताच्या कार्यक्रमांत काम केलेली. अशा घरात मुलीला नाच आवडतो का, हे कुणी विचारत नाही. पाय जमिनीवर ठरू लागले तसे मार्गारिटाचे धडे सुरू झाले.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात कुटुंब हॉलिवुडला आले आणि वडिलांनी तिथे नृत्यशाळा काढली. पुढे मंदीने शाळेचे कंबरडे मोडले, तेव्हा त्यांनी बाराएक वर्षांच्या मुलीला आपली जोडीदारीण करून ‘डान्सिंग कान्सिनोज’ पुन्हा उभे केले. कॅलिफोर्नियातील नाइटक्लबांत नाचायला तिचे वय बसत नव्हते. म्हणून बापलेक सीमा ओलांडून मेक्सिकोतील तिहुआनाला जात. अमेरिकेत दारूबंदी असल्याने तिहुआनाचे क्लब तेव्हा अमेरिकन गिऱ्हाइकांनी भरलेले असत. मुलगी अधिक स्पॅनिश दिसावी म्हणून तिचे तपकिरी केस काळे केले गेले. शाळा सुटली ती सुटलीच. बरोबरीच्या मैत्रिणी, खेळ, घरी बसून आळस करणे, यातले काही तिच्या वाट्याला आले नाही. वडिलांनी तिचा लैंगिक छळ केला होता, असे चरित्रकार बार्बरा लीमिंग यांनी तिचा दुसरा नवरा, दिग्दर्शक-अभिनेता ऑर्सन वेल्स याच्या हवाल्याने लिहिले आहे. तिच्या पुढच्या आयुष्यातील पुरुषांची निवड आणि त्यांच्यापुढचे तिचे मुकेपण पाहताना हा संदर्भ डोळ्यांआड करता येत नाही.

तिहुआनातच फॉक्स स्टुडिओचे विनफील्ड शीहान यांनी तिला पाहिले व करारबद्ध केले. ‘रिटा कान्सिनो’ या नावाने तिने काही किरकोळ भूमिका केल्या. ‘दांतेज इन्फर्नो’ (१९३५) मधला तिचा नाच त्या काळातला लक्षात राहण्याजोगा. फॉक्सचे विलीनीकरण झाल्यावर नव्या मालकांनी तिला काढून टाकले. १९३७ मध्ये तिने आपल्याहून दुपटीने मोठ्या एडवर्ड जडसनशी लग्न केले. त्याने तिला कोलंबियाचे प्रमुख हॅरी कोन यांच्याकडे आणले आणि इथून तिची घडण नव्याने सुरू झाली. स्पॅनिश नाव नायिकेला अडचणीचे, म्हणून आईच्या माहेरचे आडनाव घेतले. केस पुन्हा रंगवले, या वेळी तांबूस. कपाळावरची केसांची रेषा खाली आलेली होती. ती मागे हटवण्यासाठी विजेच्या सुईने एकेक केस मुळापासून जाळण्याचे उपचार झाले. हे काम महिनोन् महिने चालते आणि दुखते. कान्सिनो घराण्याची मुलगी अशी टप्प्याटप्प्याने पुसली गेली. पुसता आला नाही तो फक्त पाठीचा कणा ताठ ठेवून चालण्याचा तिचा ढंग. स्पॅनिश नर्तकीचा तो ढंग ‘ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज’ (१९३९) मध्ये ती नुसती खोलीत शिरते तेव्हाही ओळखू येतो.

१९४१ हे तिचे वर्ष. ‘द स्ट्रॉबेरी ब्लाँड’ आणि रंगीत ‘ब्लड अँड सँड’ या चित्रपटांनी तिला नाव दिले. ऑगस्टमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात बॉब लँड्री यांनी टिपलेले, पलंगावर गुडघे टेकून बसलेल्या रिटाचे छायाचित्र आले आणि दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैनिकांच्या कपाटांत, बराकींत, जहाजांवर जाऊन पोचले. त्याच वर्षी ‘यू विल नेव्हर गेट रिच’ मध्ये ती विख्यात नर्तक-अभिनेता फ्रेड अस्टेअरबरोबर नाचली.

अस्टेअर हा तालमीत कुणालाही सूट न देणारा माणूस. रिटाइतक्या झपाट्याने पदन्यास उचलणारे कुणी पाहिले नाही, असे त्याने सांगून ठेवले आहे. जेवणाच्या सुट्टीआधी तो तिला एखादी रचना दाखवी आणि सुट्टीनंतर ती परत येई तेव्हा ती रचना बिनचूक बसलेली असे. जेवता जेवता ती मनातल्या मनात नाचत असावी, असा त्याचा कयास होता. दोघांच्या दुसऱ्या चित्रपटाच्या, म्हणजे ‘यू वेअर नेव्हर लव्हलिअर’ (१९४२) च्या तालमी स्टुडिओत जागा नसल्याने हॉलिवुडच्या दफनभूमीतील एका इमारतीत माडीवर चालत. खाली अंत्ययात्रा आली की वर नाच थांबे.

या चित्रपटातील ‘आय अ‍ॅम ओल्ड फॅशन्ड’ हे नृत्य मला तिच्या साऱ्या कामाचे शिखर वाटते. जेरोम कर्न यांचे संगीत, चांदण्यातली बाग, आणि दोन माणसे. अस्टेअरच्या बहुतेक जोडीदारणी त्याच्याकडे पाहून नाचतात. रिटा त्याच्या बरोबरीने नाचते. तिचे खांदे मागे असतात, हात कोपरापासून नव्हे तर पाठीतून उचललेले असतात, आणि चेहऱ्यावर मजा असते, परिश्रमाचा मागमूस नसतो. लाडिक वळणांमधून मध्येच लॅटिन ठेका डोकावतो आणि तिची कंबर त्याला लगेच ओळख देते. लहानपणी शिकलेली भाषा अचानक कानावर पडावी तशी. ‘गिल्डा’ हा तिचा सर्वांत गाजलेला चित्रपट एकदाच पाहून तिच्याविषयी मत बनवणाऱ्यांनी हा नाच जरूर पाहावा.

‘कव्हर गर्ल’ (१९४४) मध्ये जीन केलीबरोबरही तिने तितक्याच सहजपणे काम केले. अस्टेअर आणि केली या दोन सर्वस्वी वेगळ्या शैलींना पुरून उरलेल्या मोजक्या नर्तकींत तिची गणना होते. तिची गाणी मात्र दुसऱ्यांच्या आवाजात असत : नॅन विन, मार्था मिअर्स, अनिता एलिस. आपल्याकडे पार्श्वगायिकेचे नाव झळकते; तिथे या गायिकांची नावे प्रेक्षकांपासून लपवली जात. शरीर एकीचे, आवाज दुसरीचा, हे कळू नये अशी स्टुडिओची इच्छा होती.

चार्ल्स व्हिडॉर दिग्दर्शित ‘गिल्डा’ (१९४६) ने तिला दंतकथा केले. ब्वेनोस आयरेसमधील जुगारघरात, खांदे उघडे टाकणारा काळा सॅटिनचा पोशाख घालून गिल्डा ‘पुट द ब्लेम ऑन मेम’ गाते. पोशाख जाँ लुई यांचा. वरून आधार नसलेला तो झगा नाचतानाही जागचा हलू नये म्हणून आतून पट्ट्यांची भक्कम बांधणी होती. नाचात ती उतरवते फक्त एका हाताचा लांब मोजा. कोपराच्या वरून बोटांपर्यंत तो सावकाश सोलत येतो, मग ती तो गरगरा फिरवून भिरकावते. एवढेच. बाकी सारे मान, केस, खांदे आणि नितंब यांच्या वेगवेगळ्या वेळी होणाऱ्या हालचालींत आहे. नृत्यदिग्दर्शक जॅक कोल यांनी भरतनाट्यमचा कसून अभ्यास केला होता आणि त्यातील हालचाली ते जॅझच्या तालावर बसवत. ‘गिल्डा’त भरतनाट्यम थेट दिसत नाही, पण एकेक अंग सुटे हलवण्याची शिस्त आपल्याकडच्या प्रेक्षकाला ओळखीची वाटते. आणि हा नाच मोहक असला तरी आनंदाचा नाही. दुखावलेली बाई स्वतःची बदनामी चारचौघांत स्वतःच मांडते आहे. म्हणूनच तो संपताच तिच्या थोबाडीत बसते. हे दुखणे रिटाने अंगातून दाखवले आहे.

१ जुलै १९४६ रोजी बिकिनी बेटाजवळ चाचणीसाठी टाकलेल्या अणुबाँबवर तिचे चित्र चिकटवले होते व बाँबला ‘गिल्डा’ हे नाव दिले होते. हे कळल्यावर ती संतापाने बेभान झाली, पण कोनने तिला जाहीर निषेध करू दिला नाही, असे वेल्सने पुढे सांगितले.

ऑर्सन वेल्स हा तिचा दुसरा नवरा (विवाह १९४३). त्यांची मुलगी रिबेका. ‘द लेडी फ्रॉम शांघाय’ साठी वेल्सने तिचे प्रसिद्ध केस कापून सोनेरी केले आणि कोन खवळला. आरशांच्या महालातील शेवटासाठी हा चित्रपट आज अभ्यासला जातो. तेव्हा तो पडला. प्रदर्शित होईतो लग्नही मोडले होते. ‘द लव्ह्ज ऑफ कार्मेन’ (१९४८) तिच्या स्वतःच्या बेकवर्थ कंपनीने काढला. रिबेका आणि हेवर्थ मिळून ‘बेकवर्थ’.

२७ मे १९४९ रोजी फ्रान्समध्ये तिने प्रिन्स अली खान यांच्याशी विवाह केला. ते निझारी इस्माइली पंथाचे इमाम तिसरे आगाखान यांचे पुत्र. पुण्याचा आगाखान पॅलेस १८९२ मध्ये बांधणारे, आणि १९४२ ते १९४४ या काळात गांधीजी व कस्तुरबा जिथे स्थानबद्ध होते त्या वास्तूचे धनी, म्हणजे तिचे हेच सासरे. डिसेंबरात मुलगी यास्मिन जन्मली. राजेशाही संसार दोन वर्षांतच विसकटला व १९५३ मध्ये घटस्फोट झाला. नंतर गायक डिक हेम्स आणि निर्माता जेम्स हिल यांच्याशी झालेली लग्नेही टिकली नाहीत.

पुनरागमनाच्या ‘अफेअर इन ट्रिनिडाड’ (१९५२) मध्ये व आणखी दोनतीन चित्रपटांत ती नाचली. ‘पाल जोई’ (१९५७) नंतर नाच मागे पडला. ‘सेपरेट टेबल्स’ (१९५८) मध्ये वय स्वीकारलेली, थकलेली अभिनेत्री दिसते आणि ती उत्तम आहे. शेवटचा चित्रपट १९७२ चा.

तोवर तिला संवाद आठवेनासे झाले होते. १९७१ मध्ये ब्रॉडवेवरच्या एका संगीतिकेचा बेत त्यामुळेच सोडावा लागला. जेवता जेवता रचना पाठ करणारी हीच ती बाई. १९७६ मध्ये लंडनच्या विमानतळावर भांबावलेल्या, विस्कटलेल्या अवस्थेतील तिची छायाचित्रे जगभर छापली गेली आणि दारूला दोष देऊन लोक मोकळे झाले. आजार अल्झायमरचा असल्याचे निदान १९८० च्या सुमारास झाले. तोपर्यंत सामान्य लोकांना हे नावच ठाऊक नव्हते; रिटामुळे ते घरोघरी कळले. यास्मिनने आईला न्यूयॉर्कमध्ये स्वतःजवळ ठेवले, १९८५ पासून तिच्या नावाने निधी उभारणारे वार्षिक समारंभ सुरू केले आणि पुढे अल्झायमरविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही भूषवले. रिटाचे निधन मॅनहॅटनमध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी झाले.

१९८३ मध्ये जेरोम रॉबिन्स यांनी न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी ‘आय अ‍ॅम ओल्ड फॅशन्ड’ हा बॅलेट रचला. रंगमंचामागच्या पडद्यावर १९४२ ची ती चित्रफीत दाखवली जाते, बागेतली रिटा आणि अस्टेअर दोन मजली उंचीची होऊन नाचतात, आणि खाली बॅलेटचे नर्तक त्यांचे पदन्यास उचलून नवे फुलोरे काढतात. बॅलेटचे पहिले प्रयोग झाले तेव्हा रिटा त्याच शहरात, मुलीच्या सांभाळाखाली होती.