चौतीसमधले चार इंच

परदेशी कंपनीच्या ब्राची आतली पट्टी उलटून पाहिली, तर तिच्यावर आकड्यांची रांगच छापलेली असते. ब्रिटन ३४ बी, युरोप ७५ बी, फ्रान्स ९० बी, ऑस्ट्रेलिया १२ बी. कपडा एकच आणि तो घालणारीही एकच. यातला ७५ हा सेंटिमीटरचा आकडा आहे. स्तनांच्या लगेच खाली, बरगड्यांभोवती टेप फिरवून घेतलेलं ते माप. पण ७५ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम साडेएकोणतीस इंच. मग शेजारी ३४ कसे? वरचे चार-साडेचार इंच आले कुठून?

अंगावर ते कुठेच सापडत नाहीत. ते हिशेबातले इंच आहेत. आणि हा हिशेब टेप घेऊन बसलेल्या एखाद्या शहाण्या माणसाने एका बैठकीत मांडलेला नाही. आकडा एका वाटेने आला, अक्षर दुसऱ्या वाटेने, आणि दोघांची गाठ पडेपर्यंत १९३०चं दशक उजाडलं होतं.

त्याआधी राज्य कॉर्सेटचं, म्हणजे नाड्यांनी आवळायच्या ताठ अंतर्वस्त्राचं होतं आणि कॉर्सेटचं माप म्हणजे कमरेचं माप. छातीला वेगळा आकडा लागायचाच नाही. कमर आवळली की वरचं आपोआप उचललं जायचं. १८८९ साली पॅरिसमध्ये एर्मिनी कादोल हिने कॉर्सेटचे दोन तुकडे केले, वरचा खांद्यांवरच्या पट्ट्यांनी पेलणारा. १९१४च्या ३ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब या तरुणीला (पुढे ती कॅरेस क्रॉसबी या नावाने ओळखली गेली) ब्राचं अमेरिकन पेटंट मिळालं. दोन हातरुमाल आणि रिबन जोडून तिने तो पहिला नमुना केला होता. एकच कपडा निरनिराळ्या अंगलटीच्या अनेक बायकांना बसेल, असा दावा त्या पेटंटमध्येच केलेला आहे. म्हणजे आधुनिक ब्राच्या या पूर्वजाला मापच नव्हतं, आणि तेच त्याचं वैशिष्ट्य म्हणून मिरवलं जात होतं! तिने ते पेटंट पुढे वॉर्नर ब्रदर्स या कॉर्सेट कंपनीला १५०० डॉलरला विकलं. वॉर्नर हे नाव पुन्हा येणार आहे.

१९२०च्या दशकात फॅशन सपाट छातीची. इंग्लंडमधल्या मार्केट हारबरोच्या सिमिंग्टन कंपनीची ‘साइड लेसर’ दोन्ही बाजूंच्या नाड्या खेचून छाती दाबून टाकायची. माप काय, तर नाडी किती खेचली ते. अमेरिकेत ‘बॉइश फॉर्म’ नावाचा असाच प्रकार खपत होता. त्याला वैतागून १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये एनिड बिसेट आणि आयडा रोझेन्थाल यांनी आपल्या ड्रेसच्या दुकानात दोन वेगळे उभार असलेली ब्रा बसवून द्यायला सुरुवात केली आणि नाव मुद्दाम उलटं ठेवलं, ‘मेडन फॉर्म’. आयडाचा नवरा विल्यम याने त्या ब्राच्या आकारात पुढे बऱ्याच सुधारणा केल्या. दोन कप वेगळे झाले आणि खरी अडचण तिथेच सुरू झाली. सपाट पट्टा एका आकड्यावर विकता येतो. कप आला की तो किती खोल हवा, हेही सांगावं लागतं.

ते सांगण्यासाठी अक्षरं आली मिशिगन राज्यातल्या जॅक्सन गावातून, एस. एच. कॅम्प या कंपनीकडून. ही फॅशनवाली कंपनी नव्हे. पोट, पाठ, शस्त्रक्रियेनंतरचा आधार यांसाठी पट्टे बनवणारी वैद्यकीय वळणाची कंपनी. तिने १९३२ साली ए, बी, सी, डी वापरायला सुरुवात केली. फेब्रुवारी १९३३च्या ‘कॉर्सेट अँड अंडरवेअर रिव्ह्यू’ या व्यापारी मासिकात तिच्या जाहिराती आहेत. त्या अक्षरांचा अर्थ मात्र आज आपण लावतो तो नव्हता. स्तन किती मोठे आणि किती ओघळलेले आहेत, त्याच्या त्या चार पायऱ्या होत्या. आजाराच्या अवस्था लिहाव्यात तशी ती अक्षरं. एखादीच्या ‘सी’मध्ये इंचाचा संबंध नव्हता. १९३७ मध्ये वॉर्नरने तीच चार अक्षरं घेऊन आपली ‘अल्फाबेट’ ब्रा बाजारात आणली आणि अक्षर केवळ आकारमानाशी जोडलं गेलं. ए म्हणजे लहान, डी म्हणजे मोठा. बाकीच्यांनी लगेच री ओढली असंही नाही. ब्रिटनमध्ये बराच काळ ज्युनियर, मीडियम, फुल असली नावं चालत होती. शेवटी जिंकली ती अक्षरंच, कारण दुकानदाराला खोक्यांची मांडणी करायला ती सोपी.

आता आकड्याकडे. कप नव्हते तेव्हा आकडा सरळ छातीचा होता, म्हणजे सर्वांत उभार भागावरून घेतलेला. कप आल्यावर तो बरगड्यांभोवतीच्या पट्ट्याकडे सरकला, पण जुन्या सवयीला मोडता घालायला कुणी तयार नव्हतं. छाती ३४ असं सांगणाऱ्या बाईच्या हातात एकदम ३०चं खोकं कसं द्यायचं? म्हणून सूत्र निघालं: खालचं माप घ्या, सम आकडा आला तर त्यात ४ मिळवा, विषम आला तर ५. बेरीज नेहमी सम येते आणि ती काखेखालच्या, स्तनांच्या वरच्या घेराच्या आसपास जाते. त्याला कापडाचाही आधार होता. तेव्हाचे पट्टे विणलेल्या सुती किंवा सॅटिनच्या कापडाचे, ताण न देणारे. रबराचा धागा आला तरी तो मर्यादित आणि लवकर सैल पडणारा. श्वास घ्यायला जागा ठेवावीच लागे.

मग १९५८ साली ड्यूपाँट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्सचा धागा तयार केला. लायक्रा हे त्याचं बाजारातलं नाव. पट्टा ताणून पुन्हा जागेवर येऊ लागला. आता तो बरगड्यांना घट्ट चिकटून भार पेलू शकत होता, आणि ब्रामध्ये भार बहुतांशी पट्ट्यानेच पेलायचा असतो, खांद्यावरच्या पट्ट्यांनी नव्हे. चार इंचांची गरज संपली. तक्त्यांतून ते गेले मात्र नाहीत.

त्याने काय होतं ते एका अंगावर मांडून पाहू. समजा खालचं माप ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर. उभारावरचं माप ३६ इंच, म्हणजे साडेएक्याण्णव सेंटिमीटर. जुन्या सूत्राने ३० अधिक ४, पट्टा ३४. छाती ३६, फरक २ इंच. एका इंचाला एक अक्षर धरलं की दोन इंचांना बी. माप ३४ बी. आता बेरीज न करता मोजा. पट्टा ३०, फरक ६ इंच. ब्रिटिश क्रमात ए, बी, सी, डी, डीडी, ई, म्हणजे ३० ई. अमेरिकेत तेच ३० डीडीडी. जपानी मानकात ए कपचा फरक सुमारे १० सेंटिमीटर आणि पुढचं प्रत्येक अक्षर अडीच सेंटिमीटरचं. तिथे ही बाई सी ७५, तीही अक्षर आधी लिहून. युरोपच्या ईएन १३४०२ या मानकात १४ ते १६ सेंटिमीटर फरकाला बी, म्हणून ७५ बी. फ्रान्सवाले पट्ट्यात १५ मिळवतात, त्यामुळे ९० बी. इटलीत याच पट्ट्याला नुसतं ३ म्हणतात.

या तक्त्यात एक गंमत आहे. इंटरनेटवर ‘चार मिळवणं जुनाट आहे, फेकून द्या’ असं ठणकावून सांगणारे बरेच भेटतात. त्यांचं चूक नाही. पण युरोपचा ७५ आणि ब्रिटनचा ३४ शेजारीशेजारी छापणारी कंपनी ते चार इंच स्वतःच मिळवून बसलेली असते. म्हणजे अंगाला बेरीज करू नका म्हणायचं आणि लेबलमध्ये बेरीज शिल्लक ठेवायची. म्हणूनच एका कंपनीचा ३० श्वास कोंडतो आणि दुसरीचा ३४ पाठीवर वर सरकतो. यात दोष गिऱ्हाइकाच्या अंगाचा धरला जातो, हे मला सर्वांत खटकतं.

अक्षराचाही असाच गैरसमज. डी म्हणजे मोठी छाती, असं सिनेमा-मासिकांनी डोक्यात भरवलं. पण अक्षर केवळ फरक सांगतं. नुसतं ‘डी’ म्हणणं म्हणजे ‘तीन चतुर्थांश’ म्हणण्यासारखं, कशाचे ते सांगायचं राहूनच गेलं. ३० डी आणि ४० डी यांचे कप एकमेकांच्या जवळपासही नसतात. उलट ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी यांत कपात मावणारं आकारमान सारखंच धरलं जातं. पट्टा एक माप वाढला की अक्षर एक उतरतं. कारखान्यात या तिघींना बहुतेक वेळा कपाखालची तारही एकाच मापाची घालतात. दुकानदारांना हे गणित पुस्तकाशिवाय पाठ असतं. ‘बत्तीस संपलंय ताई, चौतीस न्या, कप तोच बसेल,’ हे काउंटरवरचं वाक्य त्यातूनच येतं. फक्त अक्षर एक खाली उतरवायचं असतं, ते गर्दीच्या वेळी राहून जातं.

टेपच मुळात भरवशाची आहे का, हाही प्रश्न आहे. ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात ४५ बायकांवर केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. टेपच्या रूढ पद्धतीने निघालेला पट्टा ७६ टक्के बायकांच्या बाबतीत गरजेपेक्षा मोठा होता आणि कप ८४ टक्के जणींच्या बाबतीत लहान. अभ्यासकांनी सुचवलं की टेप बाजूला ठेवून ब्रा घातल्यावर ती कशी बसते ते पाहा. पट्टा मागे वर चढतो का, मधला भाग छातीच्या हाडाला टेकतो का, तार स्तनावर रुतते का, कपातून मांस बाहेर येतं का. लंडनच्या रिग्बी अँड पेलरसारखी जुनी दुकानं टेपऐवजी नजरेवर विसंबत आलेली आहेत. अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन एडवर्ड पेख्टर यांनी १९९८ मध्ये वेगळीच वाट काढली: छातीचा पूर्ण घेर सोडून एकाच स्तनावरून आडवी टेप टाकायची, सात इंचांना ए, आठला बी, नऊला सी. त्यांच्या शस्त्रक्रियेच्या कामाला ते सोयीचं होतं. दुकानांनी काही ते उचललं नाही.

‘ऐंशी टक्के बायका चुकीच्या मापाची ब्रा घालतात’ हे वाक्यही तुम्ही वाचलं असेल. जाहिरातींना ते फार आवडतं. २००८ सालच्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात नेमका हा आकडा आहे. त्यात बायका होत्या ३०, सगळ्या अठरा ते सव्वीस वयाच्या, मूल न झालेल्या. तेवढ्यावरून सगळ्या जगाबद्दल बोलणं जरा अतीच झालं. प्रश्न खरा आहे, पण तो टक्केवारीवर उभा करायची गरज नाही.

आपल्याकडे या सगळ्यात आणखी एक आकडा मिसळला, तो ब्लाउजचा. खणाची चोळी पुढे गाठ मारून घालायची, तिला माप असं फारसं लागत नसे. नंतर पोलकं आलं, शिंप्याची टेप आली. शिंपी छाती मोजतो ती उभारावरून, कपड्यांवरूनच, आणि कप हवा असेल तर कटोरीचा ब्लाउज शिवतो. कटोरी किती खोल कापायची हे तो आकड्यात लिहीत नाही, हाताने ठरवतो. मापाला आणलेला जुना ब्लाउज पाहूनच बहुतेकदा काम भागतं. त्यामुळे ‘माझं माप छत्तीस’ हे ज्या बाईला वर्षानुवर्षं ठाऊक असतं, ते ब्लाउजचं छत्तीस असतं. तीच ब्राच्या दुकानात छत्तीस मागते. वरच्या उदाहरणातल्या बाईने असं केलं, तर जुन्या सूत्रानेही तिचा पट्टा दोन इंच सैल आणि नव्याने सहा इंच.

त्यात साध्या सुती ब्रांवर कित्येकदा अक्षर नसतंच. तुळशीबागेत किंवा दादरला खोक्यांच्या थप्प्यांवर नुसतं ३२, ३४, ३६ दिसतं. गोलगोल शिलाईचे ते टोकदार कप १९४९च्या मेडनफॉर्मच्या ‘शान्सोनेत’ ब्राच्या वळणाचे. आकडा वाढला की कपही थोडा वाढतो. बारीक बांध्याच्या आणि भरलेल्या छातीच्या बाईने मग कुठे जायचं? तिने पट्टा मोठा घ्यायचा आणि खांद्यांवरच्या पट्ट्या करकचून ओढायच्या, हेच चालत आलं. २०११ मध्ये बेंगळुरूत रिचा कर यांनी झिवामे हे अंतर्वस्त्रांचं दुकान सुरू केलं, तेव्हा ऑनलाइन विक्रीबरोबर मापाची प्रश्नावली भारतीय गिऱ्हाइकाच्या हातात आली आणि ‘कप कुठला?’ हा प्रश्न काउंटरवरच्या पुरुषासमोर न लाजता सोडवता येऊ लागला. तक्ते मात्र परदेशीच. भारतीय अंगांची मोजणी करून कपड्यांचा स्वतंत्र तक्ता करण्यासाठी निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेने ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला: मुंबईसह सहा शहरं, १५ ते ६५ वयाची २५,०००हून अधिक माणसं, आणि टेपऐवजी त्रिमिती स्कॅनर.

परदेशी राहणाऱ्या मराठी बायकांना एक सूचना इथे केलीच पाहिजे. भारतीय खोक्यावर ३४च्या शेजारी बहुधा ८५ सेंमी छापलेलं असतं. तो ३४ इंचांचा सरळ सेंटिमीटरमध्ये केलेला हिशेब आहे, चार इंच धरूनच. जर्मनीत दुकानात जाऊन ८५ मागितलं, तर तिथला ८५ बरगड्यांचा असतो आणि हातात पडते आपल्याकडची ३८. तिथे मागायचं ते ७५.