उलाळलेलं विमान

पंख जोडून झाले, बॅटरी बसली, आणि माझ्या लेकीनं रिमोटवर उडणारं आपलं छोटं विमान दोन बोटांवर उचललं. पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेपाच सेंटिमीटरवर, दोन्हीकडं खालून एकेक बोट. नाक वर गेलं, शेपूट खाली झुकलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा तेच. सोप्यात बसून बघत असलेले आबा म्हणाले, "उलाळतंय की गं हे. बोजा मागं गेलाय."

आबांनी कित्येक हंगाम बैलगाडीनं ऊस वाहिला आहे. गाडी भरताना बोजा आसाच्या किंचित पुढं ठेवावा लागतो, जुवावर थोडा दाब यावा म्हणून. दाब फार झाला तर बैलांच्या माना दुखावतात. बोजा आसाच्या मागं गेला तर मात्र गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि गळ्याखालचे पट्टे बैलांना आवळतात. शिकाऊ विमान बांधताना सगळ्यात महत्त्वाची जी गोष्ट शिकायची असते, ती आबांनी एका शब्दात सांगितली होती. त्या शब्दामागचं विज्ञान मला इथं मांडायचं आहे. पहिलं विमान पडतं तेव्हा रिमोट धरणाऱ्या हातांना दोष दिला जातो, पण ते पडणार हे बऱ्याचदा टेबलावरच ठरलेलं असतं.

लेक नववीत आहे. तिनं निवडलेला किट वरच्या बाजूला पंख असलेल्या, तीन चॅनेलच्या विमानाचा होता. मोटर, रडर (उभ्या शेपटीची हलती पट्टी, नाक डावीकडं-उजवीकडं वळवणारी) आणि एलिव्हेटर (आडव्या शेपटीची हलती पट्टी, नाक वर-खाली करणारी) एवढंच रिमोटच्या ताब्यात. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत १२० सेंटिमीटर, रुंदी २० सेंटिमीटर, तयार वजन सुमारे ९०० ग्रॅम. आमच्या कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर घिरट्या घालणारी घार साधारण ह्याच मापाची असते. तिचे पंख सव्वा ते दीड मीटर पसरतात आणि वजन पाऊण किलोच्या आसपास भरतं. घार शेपटी पिळून आणि पंखांची टोकं हलवून क्षणोक्षणी तोल सावरते. लाकडाच्या विमानाला हे जमत नाही, म्हणून त्याचा तोल आधीच त्याच्या घडणीत बसवावा लागतो.

लाकूड बाल्साचं. हे झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, आणि जगातला बराचसा बाल्सा इक्वेडोरमधून येतो. आपल्या काटेसावरीचा हा नातेवाईक आहे, दोघंही जास्वंदीच्या कुळातले, आणि बाल्साच्या बोंडातूनही सावरीसारखाच कापूस उडतो. झाड सहा-आठ वर्षांत तोडणीला येतं. लाकडातल्या मोठ्या, पातळ भिंतींच्या पेशी जिवंतपणी पाण्यानं भरलेल्या असतात. लाकूड वाळवलं की त्यांत हवा उरते. मॉडेलसाठी वापरतात तो बाल्सा घनसेंटिमीटरला ०.१ ते ०.२ ग्रॅम भरतो, सागवान त्याच्या चौपट-पाचपट. दुसऱ्या महायुद्धातल्या 'मॉस्किटो' ह्या ब्रिटिश विमानाचं धड बर्च लाकडाच्या पातळ पापुद्र्यांमध्ये बाल्सा घालून बनवलेलं होतं, म्हणजे हे खेळण्यापुरतं लाकूड नव्हे.

एकाच पेटीतल्या दोन बाल्साच्या फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो. हे आम्हाला उशिरा कळलं. नकाशा टेबलावर पसरून, त्यावर प्लास्टिक घालून, टाचण्या टोचत लेकीनं पंखाच्या बरगड्या उभ्या केल्या, तेव्हा फळ्या वजन करून वेगळ्या ठेवायच्या राहिल्या. हलकी फळी शेपटीला जायला हवी होती, गेली जड. शिवाय शेपूट मजबूत व्हावं म्हणून मी तिथं इपॉक्सी हा गोंद सढळ हातानं लावला. वरून पातळ फिल्म चढवून झाल्यावर शेपूट किटच्या तक्त्यातल्या वजनापेक्षा १२ ग्रॅम जास्त भरलं.

बारा ग्रॅम म्हणजे दोन नाणी, पण ती कुठं आहेत ह्यावर सगळं अवलंबून असतं. तोल जिथं हवा तिथून शेपूट ६० सेंटिमीटर मागं आहे. १२ गुणिले ६० म्हणजे ७२०. ह्याला ९०० ग्रॅमनं भागलं की ०.८ येतात, म्हणजे विमानाचा वजनमध्य ८ मिलिमीटर मागं सरकला. नकाशा सांगत होता साडेपाच ते सहा सेंटिमीटर, आमचा आला ६.८. आमच्या बॅटरीचं वजन १८० ग्रॅम, विमानातली सगळ्यात जड सुटी वस्तू तीच. ७२० भागिले १८० म्हणजे ४. बॅटरी चार सेंटिमीटर पुढं सरकवली की हिशोब फिटतो. लेकीनं वहीत हे मांडलं, बॅटरी पुढं ढकलली, बोटांवर तोललं आणि वजनमध्य सहावर आला. शाळेत तरफेचा नियम तिनं पाठ केला होता, पण हाताला तो त्या संध्याकाळी लागला.

पहिल्या उड्डाणाला मात्र जुवावर आणखी थोडा दाब हवा असं आम्ही ठरवलं. हायवेवरच्या टायरच्या दुकानात चाकाचं बॅलन्सिंग करताना चिकटवतात तसे दहा-दहा ग्रॅमचे दोन तुकडे आणले आणि मोटरच्या मागं, तोलापासून २५ सेंटिमीटर पुढं लावले. वजनमध्य साडेपाचवर आला. ध्यानात ठेवण्यासारखं इतकंच, की शेपटीत वाढलेल्या एका ग्रॅमला नाकात जवळजवळ अडीच ग्रॅम घालावे लागतात. शेपटीकडं हात आखडता घ्यायचा तो ह्यासाठी.

आता नाक जड का हवं, ते पाहू. विमान उडताना हवा पंखावर कधी जरा खालून येते, कधी सरळ, आणि त्याप्रमाणं उचल, म्हणजे पंखाला वर ढकलणारा जोर, वाढते किंवा घटते. हा वाढ-घटीचा भाग पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव अंतरावर लागू होतो, आमच्या पंखात पुढच्या कडेपासून ५ सेंटिमीटरवर. शेपटीच्या आडव्या पंखाचीही त्यात भर पडते, म्हणून सबंध विमानाचा मिळून हा बिंदू आणखी मागं जातो. वजनमध्य त्या बिंदूच्या पुढं असेल तर गोष्टी आपोआप सावरतात. झोत आला, नाक उचललं गेलं, उचल वाढली. पण ही वाढीव उचल वजनमध्याच्या मागं लागू होत असल्यामुळं शेपूट वर जातं आणि नाक खाली येतं. वजनमध्य बिंदूच्या मागं असेल तर तीच वाढीव उचल नाकाला आणखी वर ढकलते, मग उचल आणखी वाढते, नाक आणखी वर. असं विमान दोन-तीन सेकंदांत उलथतं. ते सावरायला माणसाचा हात पुरेसा वेगवान नसतो, नवशिक्याचा तर नाहीच.

मग नाक जड असलेलं विमान सरळ जमिनीत का घुसत नाही? इथं बैलगाडीचं उदाहरण संपतं, कारण विमानापुढं जू पेलायला कुणी नाही. ते काम मागून होतं. शेपटीचा आडवा पंख मुख्य पंखापेक्षा किंचित खालच्या कोनात बसवलेला असतो, तो शेपटीला खाली दाबून धरतो. वेग वाढला की हा दाब वाढतो आणि नाक वर येतं. वेग घटला की दाब सैल पडतो, नाक झुकतं आणि विमान पुन्हा वेग घेतं. कुणी रिमोटच्या काठीला हात न लावता विमान आपला वेग आपणच राखतं. मला ही सगळ्या विमानविद्येतली सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

ती सिद्ध झाली तीही एका खेळण्यावरच. १८७१ साली पॅरिसमधल्या त्विलरी बागेत आल्फाँस पेनो ह्या तरुणानं पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान ११ सेकंद उडवलं. वजन पुढं, आडवा पंख मागं आणि किंचित उलट्या कोनात. माणूस विमानातून उडायला अजून बत्तीस वर्षं होती. १८७८ मध्ये राइट बंधूंना वडिलांनी आणून दिलेलं उडतं खेळणंही पेनोच्याच नमुन्यावरचं होतं. गंमत म्हणजे १९०३ च्या राइटांच्या विमानात आडवा पंख पुढं होता आणि त्याचं नियंत्रण क्षणभरही सोडून देण्याजोगं नव्हतं.

बांधणीतली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिथं आम्ही मोठी चूक करणार होतो. मोटर जिच्यावर बसते ती नाकातली प्लायची फळी वाकडी निघाली, दोन-तीन अंश उजवीकडं आणि तितकीच खाली झुकलेली. "बाबा, हे तिरकं कापलंय. घासून सरळ करूया?" मी पॉलिशपेपर हातात घेतलाही होता. मग नकाशा पुन्हा पाहिला, तर तो कोन मुद्दाम दिलेला. प्रोपेलर मागून पाहताना घड्याळाच्या दिशेनं फिरतो, त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडं कलवते. प्रोपेलरनं मागं फेकलेली हवाही मळसूत्रासारखी धडाभोवती फिरत जाऊन उभ्या शेपटीवर एका बाजूनं आदळते. मोटरला पूर्ण जोर दिल्यावर विमान डावीकडं ओढलं जाऊ नये म्हणून मोटरच उजवीकडं वळवून ठेवतात. खालचा कोन अशासाठी, की जोर वाढवल्याबरोबर नाक उसळू नये.

पंखांची टोकंही वर उचललेली असतात, उथळ व्ही आकारात. विमान एका बाजूला कललं की त्या बाजूला घसरू लागतं. खालच्या पंखाला हवा जास्त कोनात मिळते, त्याची उचल वाढते आणि कल मोडतो. ह्याच आकारामुळं एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या हलत्या पट्ट्या, नसतानाही नुसत्या रडरनं वळता येतं. रडरनं नाक वळवलं की बाहेरचा पंख पुढं येतो, त्याची उचल वाढते आणि विमान वळणाच्या बाजूला झुकतं.

रेडिओचं थोडक्यात. निकोला टेस्लानं १८९८ मध्ये न्यूयॉर्कला रेडिओनं चालणारी बोट दाखवली होती. आजचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. जुन्या संचांत एकाच क्रिस्टलवर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर, दोघांनी रिमोट सुरू केला की विमान पडायचं. आता विमानातला रिसीव्हर आपल्याच रिमोटशी बांधलेला असतो, आणि बऱ्याच संचांत दोघं मिळून फ्रिक्वेन्सी सतत बदलत राहतात. ह्या कल्पनेचं एक जुनं पेटंट अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल ह्यांना १९४२ मध्ये मिळालं, रेडिओवर चालणाऱ्या टॉर्पेडोसाठी. रिसीव्हर सर्व्होला, म्हणजे रडर-एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरला, सेकंदाला साधारण ५० वेळा एक स्पंद पाठवतो. दीड मिलिसेकंदाचा स्पंद म्हणजे मध्य, एक म्हणजे एक टोक, दोन म्हणजे दुसरं.

बॅटरीबद्दल मात्र थोडक्यात बोलून चालणार नाही. तीन सेलची लिथियम पॉलिमर, ११.१ व्होल्ट, २२०० मिलिअँपिअर-तास. प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट. त्याच्या वर कधीच चार्ज करायचा नाही आणि उडवताना साडेतीनच्या खाली उतरवायचा नाही. आपटून चेपलेला सेल काही मिनिटांनीही पेटू शकतो. आमचं रान पन्हाळ्याच्या पायथ्याकडं, ऊस तुटून गेलेलं. तिथं जमिनीवर वाळलेलं पाचट असतं आणि शेजारी कुणाचा तरी उभा ऊस. म्हणून आधी पाचट गोळा करून उतरण्याची पट्टी मोकळी केली आणि वाळूची बादली बांधावर ठेवली. विमान पडलं तर पहिली धाव विमानाकडं नव्हे, बॅटरीकडं, हे लेकीकडून तीनदा वदवून घेतलं.

शहरालगत उडवण्याचा विचार करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. रिमोटनं उडणारी मॉडेल विमानं ड्रोन नियम, २०२१ मध्ये येतात. उजळाईवाडीचा विमानतळ कोल्हापूर शहराला खेटून आहे, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी मोकळीक जमिनीपासून २०० फुटांपर्यंतच असते. त्याहून जवळ तीही नाही. डिजिटल स्काय ह्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं मैदान कुठल्या रंगात येतं ते आधी बघावं.

सकाळ जानेवारीतली होती. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळं इथली हवा मुळातच विरळ. समुद्रसपाटीला १५ अंशांना घनमीटरभर हवेचं वजन १.२२५ किलो, आपल्याकडं त्याच तापमानाला सुमारे १.१५, आणि एप्रिलच्या दुपारी ३७ अंशांना १.०७. हवा विरळ झाली की तेवढ्याच वजनाला पेलण्यासाठी वेग जास्त लागतो. आमच्या विमानाचा सगळ्यात कमी वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास येतो, एप्रिलच्या दुपारी आणखी एक किलोमीटर जास्त. दुपार टाळायची ती मुख्यतः दुसऱ्या कारणासाठी. रान तापलं की त्यावरून गरम हवेचे लोट उठतात. घारी एका जागी घिरट्या घेत पंख न हलवता वर चढू लागल्या, की नवशिक्यानं विमान पेटीत ठेवावं.

आधी मोटर बंद ठेवून, वाऱ्याच्या तोंडाला, खांद्याच्या उंचीवरून सरळ ढकललं. पंधरा-वीस पावलं तरंगत जाऊन ते टेकलं. मग मोटर लावून. चार मिनिटं ते हवेत होतं आणि त्यातला निम्मा वेळ लेकीनं काठ्यांना हातच लावला नाही. एकदा विमान आमच्याकडं तोंड करून येताना ती गोंधळली, कारण तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. "जो पंख खाली दिसतो, तिकडं काठी ढकल," मी म्हणालो. तिनं ढकलली, विमान सरळ झालं.

तिसऱ्या उड्डाणात तिनं वजनमध्याची खरी परीक्षा घेतली. उंचावर मोटर बंद करून विमान साधारण ४५ अंशांत खाली सोडलं आणि काठी मोकळी केली. तसा सूर मारताना ते आणखीच खाली मुरडलं असतं तर शेपूट जड. अलगद वर आलं असतं तर तोल बरोबर. आमचं झटक्यात वर उसळलं, म्हणजे नाक गरजेपेक्षा जड होतं आणि ते सावरायला एलिव्हेटरला जादा ट्रिम, म्हणजे कायमचा वरचा कल, दिलेलं होतं. आबा बांधावरून म्हणाले, "जुवावर दाब जास्त झालाय."

लेकीनं विमान उतरवलं, बॅटरी काढली आणि मोटरमागच्या दोन तुकड्यांतला एक नखानं सोलून काढला. वहीत लिहिलं : दहा ग्रॅम कमी, तोल ५.७५. मग दुसरी बॅटरी लावली.